आमच्यावाचून अडू नये म्हणून

१४ ऑक्टोबर

मुख्य कार्यालयातला आमचा साहेब, रुट्गर, सकाळी स्टॉकहोमहून आला आणि दुपारच्या विमानाने परत गेला. मधल्या वेळात त्याने मला हेडफोनवरून उठवलं.

सोळा वर्षं मी ते लावून बसले. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने गळ्यातलं बटण दाबलं की इथे कूसिवाऱ्यात आमच्यापुढे दिवा लागतो. आपण म्हणायचं, "बोला, काय झालं?" कुणी पडलेलं असतं, कुणाच्या छातीत दुखत असतं, कुणाला नुसतं विचारायचं असतं की आज वार कोणता. उद्यापासून मी फोन घेणार नाही. मला खोली मिळाली आहे. खिडकी नदीकडे उघडते.

नगरपालिकांनी नवा नियम काढलाय. आग लागो, वीज जावो, साथ येवो, बटण दाबलं की कुणीतरी उत्तर दिलंच पाहिजे. आणि ते मिळेल हे कंपनीने नुसतं सांगून भागणार नाही, बाहेरच्या तटस्थ माणसाने येऊन तपासून तसं प्रमाणपत्र दिलं पाहिजे. ते नसेल तर पुढच्या वर्षी करार नाही. मार्चपर्यंत मानांकन मिळवायचं आणि ते मी मिळवायचं.

"माझ्याकडे शिकलेली माणसं पुष्कळ आहेत, आनेली," रुट्गर म्हणाला. "पण लोक तुझं ऐकतात."

घरी येऊन हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. शेवटी कुत्र्याला सांगितलं.

२३ ऑक्टोबर

आमची दोन केंद्रं. उत्तरेला आम्ही, दक्षिणेला माल्मो. एक बंद पडलं की दुसऱ्याने त्याचे फोन उचलायचे, असं वर्षानुवर्षं नुसतं बोललं जातं. ते खरोखर घडतं का, हे मला सिद्ध करायचंय.

रुट्गर रोज फोन करतो. आज विचारत होता, माल्मो आमच्याशिवाय किती वेळ काढेल.

"एक दिवस सहज," मी म्हटलं.

"आणि आठवडा?"

"त्यांची दमछाक होईल."

"म्हणजे माणसं कमी पडतील, एवढंच ना? आणखी सहा माणसं दिली तर?"

"मग चालेल."

"महिना?"

मी हसले. म्हटलं, महिनाभर चालणारी आग मी अजून पाहिली नाही. तोही हसला. मग म्हणाला, या इमारतीच्या भाड्याचा करार कधी संपतो, ते तू धोक्यांमध्ये धरलंच नाहीस. खरंच धरलं नव्हतं. ऑगस्टअखेर संपतो. इमारत मालकाने उद्या बाहेर काढलं तर काय, हा विचार मला शिवलाही नव्हता. किती बारीक बघतो हा माणूस.

६ नोव्हेंबर

फोनवरच्या सगळ्यांची बैठक घेतली. प्रत्येकाला आपापल्या भागातल्या माणसांबद्दल जे ठाऊक आहे ते संगणकात भरायला सांगितलं. किल्ली कुठे ठेवतात, कुत्रा चावतो का, शेजारी कोण, कुणाला ऐकू कमी येतं. म्हणजे माल्मोतल्या माणसालाही ते दिसेल.

बार्ब्रू विणकाम करत बसली होती. ती आणि मी पहिल्या दिवसापासून शेजारी बसलो. तिच्या घटस्फोटात मी तिच्याकडे झोपायला जायची आणि माझ्या वेळी ती माझ्याकडे.

"माझ्या डोक्यातलं सगळं काढून माल्मोच्या डोक्यात घातलंस," ती सुयांवरून नजर न उचलता म्हणाली, "मग माझं डोकं कशाला लागेल गं? टोपी घालायला?"

सगळे हसले. मीही हसले, पण मला ते आवडलं नाही. बैठकीत मीच बोलत होते म्हणून असेल. मी सांगितलं, हे तुमच्याच सुरक्षेसाठी आहे. मानांकन मिळालं की करार टिकतील, करार टिकले की आपण टिकू.

दिलोवानने लगेच मान डोलावली. सीरियातून आलेला, आमच्यात सहा वर्षं झाली. आता 'हो' म्हणताना श्वास आत ओढतो, अस्सल इथल्यासारखा. म्हणाला, "मी माझी माहिती आजच भरतो."

बार्ब्रूला बदल नको असतात. वयाचं असेल. माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठी आहे म्हणा.

२७ नोव्हेंबर

तालीम झाली. आग लागली असं धरून सगळे उठलो, फोन माल्मोकडे वळवले आणि बाहेर पार्किंगमध्ये बर्फात जाऊन उभे राहिलो. दोन तास माल्मोने आमचे सगळे फोन घेतले. एकही सुटला नाही. आम्ही थर्मासमधली कॉफी प्यालो, इथल्या रीतीने चीजचे तुकडे टाकून. दिलोवानने एक वाकडा बर्फाचा माणूस केला आणि त्याला हेडफोन घातला.

तालीम कधी आहे हे दोन्हीकडे आठवडाभर आधी ठाऊक होतं. माल्मोने त्या दिवशी जादा माणसं बोलावून ठेवली होती. मी अहवालात ते लिहिलंय, पण जरा खालच्या बाजूला.

आत येताना बार्ब्रू म्हणाली, "आपण बाहेर उभे होतो आणि काही अडलं नाही. हे बघून तुला आनंद झाला ना?"

"झाला," मी म्हटलं. "तेच तर दाखवायचं होतं."

"हो," ती म्हणाली. "तेच दाखवलंस."

१० डिसेंबर

ऑडिटर येऊन गेल्या. डाग्नी विक्लुंड. साठीच्या, करड्या केसांच्या, लोकरी मोजे घालून कार्यालयात वावरणाऱ्या. पहिल्या फेरीत फक्त कागद बघतात. दोन दिवस त्या माझ्या खोलीत बसून वाचत होत्या, मधूनच पेन्सिलने कान खाजवत.

जाताना म्हणाल्या, "कागद नीट आहेत. मार्चमध्ये मी माणसं बघेन."

"माणसं कागदापेक्षा चांगली आहेत," मी म्हटलं.

"तसं असेल तर पहिल्यांदाच बघेन," त्या म्हणाल्या. त्या हसल्या की नाही ते कळलं नाही.

१६ डिसेंबर

दिलोवान दार वाजवून आत आला. त्याला घर घ्यायचंय. गावातलं पिवळं, शाळेमागचं. बायको पाळणाघरात लागली आहे, मुलं इथल्यासारखं बोलायला लागली आहेत. बँक कर्ज द्यायला तयार आहे.

"तुला वरचं सगळं ठाऊक असतं," तो म्हणाला. "म्हणून विचारतो. घेऊ का?"

मी म्हटलं, घे. मानांकन नसतं तर सांगितलं नसतं, पण आता आपण त्या वाटेला लागलोय. एवढा खर्च कंपनी उगीच करते का?

गेला तेव्हा मला बरं वाटत होतं. कुणीतरी आपल्याला विचारून घर घेतं, हे काही थोडं नाही.

२१ जानेवारी

पहाटेपासून वादळ. सकाळी वीज गेली. जनरेटर सुरू झाला आणि थोड्या वेळाने धूर ओकून बंद पडला. बॅटरीवर काही मिनिटं निघाली. मी खोलीतून बाहेर आले तेव्हा सगळे माझ्याकडेच बघत होते.

"वळवा," मी म्हटलं.

कुणी धावलं नाही, कुणी काही विचारलं नाही. ज्याने जे करायचं होतं ते केलं. माल्मोने फोन उचलले. संध्याकाळपर्यंत तिकडूनच सगळं चाललं. तीन ठिकाणी रुग्णवाहिका गेल्या. कुणी दगावलं नाही.

एकच गोष्ट मध्ये आली. हिलिया आजींनी बटण दाबलं. वय एक्याण्णव, नदीच्या वरच्या अंगाला एकट्या राहतात. स्वीडिश त्या शाळेत शिकल्या, तीही छड्या खाऊन. आता वयाने ती उतरून गेली आहे, आईची भाषा, इथली जुनी नदीकाठची बोली, तेवढी राहिली आहे. माल्मोच्या मुलीला एक शब्द कळेना. तिने मला मोबाइल लावला. मला ती बोली कळते, पण बोलायची सवय गेली आहे; म्हणून मी बार्ब्रूला लावला, आणि त्या दिवशी सुट्टीवर असलेल्या बार्ब्रूने तिच्या घरातून स्वतःच्या फोनवरून आजींशी बोलून घेतलं. आजींच्या शेगडीतलं लाकूड संपलं होतं आणि बाहेर दार बर्फाने अडलं होतं. बार्ब्रूने तिच्या भाच्याला स्नोस्कूटरवर पाठवलं.

घरी आले आणि बूटही न काढता हे लिहायला बसले. आज मी जे सांगत होते ते खरं निघालं. कागदावर नाही, वादळात.

२४ जानेवारी

रुट्गर खूश आहे. म्हणाला, खरी आपत्ती आली आणि व्यवस्था टिकली, याहून मोठा पुरावा कुठला? अहवाल त्याने वाचला. हिलिया आजींचा परिच्छेद काढ म्हणाला.

"का?"

"ते आपल्या योजनेत नव्हतं. एका बाईने घरातून खासगी फोनवरून केलेली मदत. चांगली गोष्ट आहे, मी तिला फुलं पाठवतो. पण व्यवस्थेने ते केलेलं नाही."

"व्यवस्थेला जमलं नाही म्हणूनच तर तिला करावं लागलं."

"ती भाषा बोलणारी माणसं किती आहेत तुमच्याकडे?"

मी मोजली. फार नाहीत. दरवर्षी कमी होत चालली आहेत.

"बघ," तो म्हणाला, मायेनेच.

मी परिच्छेद काढला. सुधारणांच्या यादीत 'भाषेची सोय' असं लिहून ठेवलं. बार्ब्रूला ट्यूलिपची फुलं आली. तिने ती जेवणाच्या टेबलावर कागदातच ठेवून दिली.

११ फेब्रुवारी

डाग्नी विक्लुंड यांचा फोन. मार्चच्या भेटीचं वेळापत्रक ठरवायला. बोलता बोलता म्हणाल्या, "मी एक दिवस माल्मोलाच जाते आता. तुमच्याकडे अर्धा दिवस पुरे, नाही का? कूसिवारा प्रमाणपत्रात नाही म्हटल्यावर."

मी म्हटलं, "नाही म्हणजे?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "मुख्य कार्यालयाने गेल्या आठवड्यात कळवलं. प्रमाणपत्र फक्त माल्मोपुरतं घ्यायचं. मला वाटलं तुम्हीच ठरवलंत."

मी म्हटलं, हो हो, लक्षातून गेलं होतं.

फोन ठेवल्यावर मी खिडकीबाहेर बघत बसले. नदीवर कुणीतरी मासे धरायला बर्फात भोक पाडत होतं. बराच वेळ पाडत होतं.

१२ फेब्रुवारी

रुट्गरने नाकारलं नाही. त्याच्या आवाजात थकवा होता, त्यामुळे मला रागवताही येईना.

ऑगस्टअखेर कूसिवारा बंद. भाड्याचा करार पुढे वाढवायचा नाही. माल्मोत सहा माणसं वाढवायची. माल्मो बंद पडलं तर परदेशातली एक भागीदार कंपनी फोन घेईल.

"हे कधी ठरलं?"

"तालीम झाल्यावर. तोवर नक्की नव्हतं. तू दाखवून दिलंस, आनेली. माल्मो एकटं चालवू शकतं हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं."

तो बोलत राहिला. मानांकन मिळालं नाही तर सगळे करार जातील, मग माल्मोही नाही. तिथे साठ माणसं आहेत. तुझी जागा पक्की आहे. घरूनच काम कर, कंपनीच्या सगळ्या केंद्रांसाठी. एप्रिलपर्यंत मात्र कुणाशी बोलायचं नाही. तसं सही करून पाठव.

मी सही केली. दुसरं काय करणार होते? आज सांगितलं तर उद्या सगळे आजारपणाची रजा टाकतील, मार्चमध्ये डाग्नीबाईंना रिकाम्या खुर्च्या दिसतील, आणि जायचं ते सगळंच जाईल. तिथली साठ अधिक आमची चौदा. मी चौदांवर थांबवते आहे. असं बघायला हवं.

१८ फेब्रुवारी

दिलोवानने सगळ्यांना मलईचे बन आणले. काल घराच्या कागदांवर सही झाली. प्रत्येकाच्या टेबलावर त्याने स्वतः नेऊन ठेवला. माझ्या खोलीतही आला.

"तुझ्यामुळे," म्हणाला.

मी त्याच्या बायकोची चौकशी केली. स्वयंपाकघराचा रंग कोणता देणार, ते विचारलं. बन मी पूर्ण खाल्ला, तो समोर उभा होता म्हणून.

तीन दिवस आधी सांगितलं असतं तर. पण सही केली होती, आणि त्याची सही काही मी करायला लावली नव्हती. बँकेनेही विचार केलाच असेल.

५ मार्च

डाग्नी विक्लुंड सकाळी आल्या. रुट्गरही आला, नवा कोट घालून. डाग्नीबाईंनी बार्ब्रूशेजारी बसून फोन ऐकले, दिलोवानला विचारलं की आत्ता वीज गेली तर पहिलं काय करशील. त्याने न अडखळता सांगितलं. त्याने सगळं पाठ केलं होतं. मीच पाठ करून घेतलं होतं.

मग माझ्या खोलीत आम्ही तिघं.

"माल्मो बंद पडलं तर परदेशातली कंपनी फोन घेणार," त्या म्हणाल्या. "तालीम झाली?"

"टेबलावर झाली," रुट्गर म्हणाला. म्हणजे दोन्हीकडच्या साहेबांनी बसून 'असं झालं तर तसं करू' एवढं बोलून घेतलं.

त्यांनी ते लिहून घेतलं. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "जानेवारीच्या वादळात तुम्ही इथे होतात. योजनेत नसलेलं काही घडलं का? जे कुणीतरी आपणहून सावरलं?"

त्यांचा आवाज इतका साधा होता की मला सांगावंसं वाटलं. रुट्गरने माझ्याकडे बघितलं नाही. तो कपातली कॉफी चमच्याने ढवळत होता. बाहेर बार्ब्रू कुणाला तरी सांगत होती की आधी खुर्चीवर बसा, मग औषध शोधा.

"नाही," मी म्हटलं. "योजनेप्रमाणेच झालं."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "बरं."

शेवटी एक लहानशी त्रुटी काढली: भागीदार कंपनीसोबत प्रत्यक्ष तालीम करावी, तीन महिन्यांत कळवावं. प्रमाणपत्र द्यायला त्याने अडत नाही. पार्किंगमध्ये मोजे बदलून बूट घालताना त्या मला म्हणाल्या, "तुमचं काम चांगलं आहे. या पदावरची बहुतेक माणसं झोपत नाहीत. तुम्ही झोपता का?"

मी हो म्हटलं.

२८ मार्च

मानांकन मिळालं. स्टॉकहोमहून हिरवा केक आला, मार्झिपानचा, म्हणजे बदामाच्या लगद्याचा, वर गुलाब. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिलोवानने मला मिठी मारली.

९ एप्रिल

आज सांगण्यात आलं. रुट्गर स्वतः आला, तेवढं त्याचं चांगलं. कामगार संघटनेच्या माणसाने कायद्याचे प्रश्न विचारले. बाकी कुणी काही विचारलं नाही. एका फोनचा दिवा लागला तशी बार्ब्रू उठली आणि जाऊन तो घेतला. परत आली तेव्हा बैठक संपली होती.

दिलोवान माझ्या खोलीत आला नाही. मी त्याच्याकडे गेले. तो घरासाठी मागवलेल्या फरशांचं काहीतरी रद्द करत होता. म्हणाला, "तुला तरी कुठे ठाऊक होतं." मी काही बोलले नाही. तो माझी समजूत घालत होता.

जाताना बार्ब्रू दारात उभी राहिली. कोट घातलेला, हातात पिशवी.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"सही केली होती मी. बोलायचं नाही म्हणून."

"ते नाही विचारलं."

"फेब्रुवारीपासून."

"बन आणले होते त्याने, त्याच्या आधी की नंतर?"

मी टेबलावरचे कागद सरळ केले. तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि ती गेली. सोळा वर्षांत ती पहिल्यांदाच मला 'उद्या भेटू' न म्हणता गेली.

ती शांत झाली की मी तिला सगळं समजावून सांगेन. साठ माणसांचं. ती समजूतदार आहे.

३ जून

ती शांतच आहे. बोलत नाही एवढंच. विणकामही आणत नाही.

सुधारणांच्या यादीतली 'भाषेची सोय' मी माल्मोला पाठवली. त्यांनी कळवलं की दुभाष्याची सेवा आहे, फोन करून मागवता येते. मी 'पूर्ण' अशी खूण केली.

२९ ऑगस्ट

शेवटचा दिवस. दुपारी फोन वळवायचे होते. मी सूचना लिहून आणल्या होत्या, लागल्या नाहीत. सगळ्यांना येत होतं. एकेकाने आपापला हेडफोन काढला, तार गुंडाळली, कपाटात ठेवला. माल्मोकडून निरोप आला: सगळे फोन येताहेत, अडचण नाही. तालमीपेक्षा आणि वादळापेक्षाही सफाईने झालं. मी ते लिहून घेणार होते, मग कुणासाठी लिहायचं ते कळेना.

दिलोवान दक्षिणेला जातोय, एका गोदामात काम मिळालंय. पिवळं घर विकायला लावलंय. या गावात आता कोण घेणार?

बार्ब्रू सगळ्यांच्या गळ्यात पडली. माझ्याही. दगडाच्या गळ्यात पडावं तशी.

२० ऑक्टोबर

घरून काम चालू आहे. पगार वाढलाय. आता मी सगळ्या केंद्रांच्या घटना वाचते आणि ठरलेल्या वेळेच्या मर्यादेत आहेत की नाहीत ते बघते.

आज सकाळी एक आली. कूसिवारा विभाग, महिला, वय ब्याण्णव. रविवारी दुपारी बटण दाबलं. माल्मोने ठरलेल्या वेळेत उत्तर दिलं. नोंद अशी: 'बोलणं अस्पष्ट. आवाज शांत, तातडी दिसत नाही. बहुधा गोंधळलेल्या. स्वतःचं नाव बार्ब्रू असं सांगतात, नोंदीत नाव वेगळं आहे.' दुभाष्याची सेवा मागवली, रविवार असल्याने रांगेत ठेवली. तोवर नगरपालिकेचं फिरतं पथक पाठवलं, तातडी नसलेल्या साध्या वर्गात. पथक मर्यादेत पोहोचलं. किल्लीने घर उघडलं, घरात कुणी नव्हतं. शेजारच्या गावी गेल्या असतील म्हणून आणखी दोन ठिकाणी विचारलं. परत येऊन खाली नदीकाठच्या सौनाचं, वाफेच्या न्हाणीघराचं, दार उघडलं तेव्हा त्या तिथे होत्या. डॉक्टरने मृत्यूची वेळ लिहिली आहे.

शेवटी: सर्व टप्पे मर्यादेत. त्रुटी नाही. माझी सही हवी.

ध्वनिमुद्रण जोडलेलं असतं. ते ऐकणं सक्तीचं नाही.

मी ऐकलं.

२१ ऑक्टोबर

पुन्हा ऐकलं. मग त्यांचं बोलणं स्वीडिशमध्ये लिहून काढलं आणि अहवालाला जोडलं. रुट्गरला फोन केला.

तो मनापासून हळहळला. म्हणाला, भयंकर आहे. मग म्हणाला, "पण आनेली, हे अहवालात कुठे बसतं? भाषा हा आपला निकष नाही. सेवा मागवली होती. दुसऱ्या कुणी हे ऐकलं असतं तर त्याला तरी काय कळलं असतं?"

"मला कळलं."

"तू तिथे नव्हतीस."

"नव्हते," मी म्हटलं. "मी इथे आहे. इथून गाडीने वीस मिनिटं."

मी फोन ठेवला. मी सही केली नाही. न करून काय होणार, माहीत नाही; दुसरं कुणी करेल, तशी सोय आम्हीच करून ठेवली आहे. जोडपत्रासकट सगळं डाग्नी विक्लुंड यांना पाठवलं, आणि खाली लिहिलं की पाच मार्चला तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर मी खोटं दिलं. त्या काय करतील तेही माहीत नाही. त्यांचं उत्तर आलं: मिळालं, वाचते आहे.

२२ ऑक्टोबर

बार्ब्रूकडे गेले. मार्चनंतर तिच्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. तिने दार उघडलं, बाजूला झाली. स्वयंपाकघरात मी कोट न काढताच बसले. हिलिया आजी गेल्या हे तिला ठाऊक होतं, गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सौनात पडून गेल्या, वय झालं होतं, असं सगळे म्हणत होते.

"त्यांनी बटण दाबलं होतं," मी म्हटलं. "मी ऐकलंय."

ती भांडं पुसत होती. ते खाली ठेवलं.

मी सांगितलं. आजी म्हणाल्या की सौनातल्या पायरीवर पडले आहे, घरात नाही, खाली नदीकडे आहे. पाय हलत नाही. मग विचारलं, बार्ब्रू आहे का. माल्मोच्या मुलीने नाव परत विचारलं तशी पुन्हा म्हणाल्या, बार्ब्रू, बार्ब्रू. आणि शेवटी म्हणाल्या की तिला सांगा, रस्ता निसरडा झालाय, गाडी सावकाश चालव, मी थांबते.

हे सगळं मी स्वीडिशमध्ये सांगत होते, अहवालात लिहिलं होतं तसंच, त्याच क्रमाने. बार्ब्रूने ऐकून घेतलं. समोरची खुर्ची ओढून ती बसली.

"असं नाही," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं तसं सांग."

मला वाटलं मला जमणार नाही. ती भाषा मी आई गेल्यापासून मोठ्याने बोलले नव्हते. बार्ब्रू वाट बघत होती. मग मी सांगितलं, पहिल्यापासून, आजींच्या शब्दांत, त्या जिथे थांबल्या तिथे थांबत.